खिशातील चावीचीही निगा हवी

नवी गाडी दारात आली की तिची पूजा करण्यात आपण गोमंतकीय कोठेही उणे पडत नाही. नारळ फुटतो, झेंडूची माळ चढते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि चाकांखाली लिंबे ठेवली जातात. खंडेनवमी-दसऱ्याला हाच सोहळा दरवर्षी नव्याने होतो. तेल बदलण्याची तारीख, टायरांतील हवा, पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर यांकडेही जाणता मालक लक्ष पुरवतो. पण जिच्यावाचून या सगळ्या लवाजम्याला जागचे हलता येत नाही, त्या चावीची आठवण मात्र ती चालेनाशी झाली म्हणजेच होते. पूजेच्या तबकात ती असते खरी. परंतु तेथून उचलली जाते तेव्हा तिच्या बटनांच्या फटीत हळदकुंकू आणि नारळाचे पाणी शिरलेले असते, आणि ते पुढील दसऱ्यापर्यंत तसेच राहते. देवापुढे ठेवलेल्या उपकरणाची अशी उपेक्षा व्हावी, हे आम्हांला विसंगत वाटते.

एवढ्याशा वस्तूसाठी या स्तंभाची जागा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याला आमचे उत्तर असे की, प्रश्न केवळ एका वस्तूचा नाही. रिमोटची ही चावी बिघडली तर नवी घेण्यासाठी आज काही हजार रुपये मोजावे लागतात, आणि तिची गाडीशी ओळख पटवून देण्यासाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. उलट तिच्यात घालावयाचा सेल शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि तो बदलण्याचे, चावी पुसून स्वच्छ करण्याचे काम घरच्या घरी अर्ध्या तासात होते. हा झाला खिशाचा प्रश्न. परंतु त्याहून मोठा प्रश्न त्या सेलचाच आहे. निष्काळजीपणे टाकलेला तो चकचकीत सेल घरातील लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. याकरिता या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे आम्हांला अगत्याचे वाटते.

'किल्ली' हा आपला जुना शब्द आणि 'चावी' हा पोर्तुगीज भाषेतून मराठीत येऊन स्थिरावलेला; दोन्ही आपण सारख्याच सहजतेने वापरतो. अँबॅसेडर आणि पद्मिनी यांच्या काळात चावी म्हणजे धातूची एक कातीव पट्टी होती. ती वाकली तर ठोकून सरळ होई आणि हरवली तर बाजारातला चावीवाला कानशीने घासून दुसरी करून देई. १९८२ साली फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने आपल्या फुएगो गाडीसाठी अवरक्त किरणांनी दरवाजे उघडणारी चावी आणली आणि तेथून हे रूप पालटू लागले. पुढे किरणांची जागा रेडिओ-लहरींनी घेतली. आज आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांच्या चाव्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर गाडीशी बोलतात. बटन दाबताच चावी एक सांकेतिक आकडा पाठवते आणि दर खेपेला तो आकडा बदलतो, जेणेकरून कोणी चोरून ऐकला तरी त्याचा पुन्हा उपयोग होऊ नये.

याच चावीत आणखी एक बारीक चीप दडलेली असते. इंजिन सुरू होण्यापूर्वी गाडी या चीपची ओळख विचारते. तिला सेलची गरज नसते. गाडीतील तारेच्या वेटोळ्यातून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच ती आपले काम भागवते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण अडचणीच्या वेळी तिचाच आधार मिळणार आहे. थोडक्यात, आपण खिशात बाळगतो ती आता एक छोटी रेडिओ-यंत्रणा आहे, आणि आपण मात्र तिला लोखंडी पट्टीसारखे वागवतो.

अशा नाजूक यंत्रणेला आपल्या किनाऱ्याची हवा मानवणारी नाही. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, मग पँटच्या ओल्या खिशात दिवसभर राहणाऱ्या चावीची काय कथा? त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते आणि तांब्याच्या व लोखंडाच्या नाशाला हातभार लावते. चावीच्या आत सेलला टेकणाऱ्या पत्र्यांवर हिरवट किंवा पांढरट थर दिसतो, तो याचाच पुरावा होय. घामातही मीठ असतेच. बाजारात मासळीची पिशवी घेतलेल्या हातानेच आपण गाडी उघडतो, किनाऱ्यावर चटईशेजारी वाळूत चावी ठेवतो, आणि वैशाखाच्या उन्हात तीच चावी काचेमागे डॅशबोर्डवर तापत राहते. अशा सेलांची उष्णता सोसण्याची वरची मर्यादा साधारणतः ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड भर उन्हात त्या मर्यादेला सहज जाऊन भिडतो.

चावी आजारी पडण्यापूर्वी तशी सूचना देते. पूर्वी दहा-पंधरा पावलांवरून उघडणारी गाडी अगदी जवळ गेल्याखेरीज उघडेनाशी होते. एकदा दाबून काम होत नाही, दोन-तीनदा दाबावे लागते. चावीवरचा दिवा मंद पडतो किंवा गाडीच्या पडद्यावर सेल क्षीण झाल्याचा इशारा उमटतो. लिथियमच्या सेलचा दाब बराच काळ जवळजवळ एकसारखा राहतो आणि अखेरीस झपाट्याने उतरतो. म्हणून या खुणा दिसल्यावर 'पाहू पुढल्या आठवड्यात' असे म्हणणे धोक्याचे. सर्वच बटने मंदावली तर दोष बहुधा सेलचा, आणि एकच बटन अडत असेल तर दोष बहुधा त्या बटनाखालच्या मळाचा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम हात धुऊन कोरडे करावेत, मेजावर पांढरे स्वच्छ फडके अंथरावे, म्हणजे निसटलेला बारीक स्क्रू सापडतो. चावी उघडण्याची रीत गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेली असते. बहुतेक चाव्यांत आपत्कालासाठी धातूची छोटी चावी दडवलेली असते. ती बाहेर काढली की कवचाची खाच दिसते. तेथे फडके गुंडाळलेले नाणे किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून हलकेच पिळावे. सुरी किंवा कोयतीचे टोक घालू नये. कवचही जाते आणि बोटही. आतला सेल कोणत्या बाजूने बसवला आहे, याचे मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

बाहेरचे कवच आणि आतला सर्किट बोर्ड यांची स्वच्छता वेगवेगळी करावी. कवचासाठी भांडी घासण्याच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब घातलेले पाणी पुरे. त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने ते पुसावे आणि लगेच कोरडे करावे. फटींतील मळ लाकडी दातकोरण्याने किंवा जुन्या मऊ टूथब्रशाने काढावा. बोर्डाला मात्र पाणी लावू नये. त्याला हात लावण्यापूर्वी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते, आणि बोर्ड कडेनेच धरावा. कोरड्या मऊ ब्रशाने धूळ झाडावी. चिकट मळ किंवा हिरवट थर असेल तर मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन अलगद पुसावे. ते नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध असावे. सेलला टेकणारे पत्रे काळवंडले असतील तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलके घासून त्याचा चुरा झाडून टाकावा. पत्रा सैल पडला असेल तर किंचित वर उचलावा, पण जोर करू नये. तो तुटला तर आपल्या हातचे काम उरत नाही.

काही चाव्यांत बटनांखाली रबराची पातळ गादी असते आणि तिच्या पाठीवर काळे ठिपके असतात. हे ठिपके कार्बनचे असून बटन दाबल्यावर तेच वीज जोडून देतात. त्यांना मळ समजून खरवडणारे महाभाग थोडे नाहीत! ते कोरड्या कापसाने नुसते टिपावेत. कवचाच्या कडेला रबराची कडी असल्यास ती जागेवर नीट बसली आहे याची खात्री करावी. पावसाचे पाणी अडवणारी ती एकमेव भिंत आहे. ती चिरलेली असेल किंवा बटनांवरचे रबर फाटलेले असेल, तर त्याच नमुन्याचे नुसते कवच बाजारात मिळते. जुन्या बोर्डासह जुनी चीपही नव्या कवचात आठवणीने हलवली म्हणजे संपूर्ण नव्या चावीचा खर्च वाचतो.

सेल घेताना त्याच्यावरचा क्रमांक जुळवावा. सी.आर. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा गोल लिथियम सेल, सी.आर. २०२५ तेवढ्याच व्यासाचा पण २.५ मिलिमीटर जाडीचा. दोहोंचाही दाब ३ व्होल्ट असल्यामुळे 'चालेल हो' म्हणून एकाच्या जागी दुसरा देणारे दुकानदार भेटतात. पण पातळ सेल खिळखिळा बसतो आणि जाड सेल पत्रे वाकवतो. पाकिटावरची मुदत पाहून चांगल्या कंपनीचा सेल घ्यावा, तो कडेने धरावा आणि बोटे लागलीच तर कोरड्या फडक्याने पुसून, अधिक चिन्हाची बाजू पूर्वीप्रमाणे ठेवून बसवावा. बहुतेक गाड्यांत सेल बदलल्याने चावीची ओळख पुसली जात नाही. क्वचित प्रसंगी जुळणी पुन्हा करावी लागते, तिची रीत पुस्तकात असते.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. २०२० साली कोरोनाच्या भयाने आपण दिसेल त्या वस्तूवर सॅनिटायझर ओतायला शिकलो. परंतु हातासाठीच्या जेलमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असते. ते बटनांखाली उतरले की चिकटपणा आणि ओल मागे राहते. निर्जंतुक करावयाचेच असेल तर फडका किंचित ओला करून बाहेरून पुसावा. पेट्रोल, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रावण कधीही वापरू नये. प्लॅस्टिक विरघळून पांढरे पडते. दाराच्या कुलपात खोबरेल तेल सोडण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने चार दिवस कुलूप लोण्यासारखे फिरते, पण पुढे त्याच तेलावर धूळ आणि खारट कण बसून त्याचा राप होतो. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी.

चावी समुद्रात भिजली तर वेळ दवडण्यात अर्थ नाही. ओल्या मिठाच्या संगतीत सेलचा दाब चालू राहिला की बोर्डावरचे तांब्याचे बारीक मार्ग झपाट्याने झिजतात. म्हणून पहिले काम सेल काढण्याचे. मग बोर्ड स्वच्छ गोड्या पाण्याने, शक्य तर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने, खळबळून मीठ काढावे. एरवी ज्या पाण्यापासून बोर्डाला जपावयाचे, तेच येथे औषध ठरते, कारण मागे राहिलेले मीठ गोड्या पाण्याहून घातक असते. त्यानंतर अल्कोहोलने पुसून सावलीत दोन दिवस वाळवावे आणि मगच नवा सेल घालावा. कळंगुट-कोलव्याच्या किनाऱ्यावर चावी खिशात ठेवून लाटांत उतरणारे पर्यटक रोज दिसतात. भाड्याने गाड्या देणाऱ्या आमच्या व्यावसायिकांनी चावीबरोबर तोंड बंद होणारी एक प्लॅस्टिकची पिशवी दिली आणि दोन शब्द समजावून सांगितले, तर त्यांचाच तोटा टळेल.

इतके करूनही चावी ऐन वेळी दगा देणारच नाही, असे नाही. चोर्ला घाटात रात्रीच्या पावसात, किंवा फेरीबोटीत मागे गाड्यांची रांग खोळंबलेली असताना असा प्रसंग आला तर गोंधळून जाऊ नये. दडवलेल्या धातूच्या चावीने चालकाकडचे दार उघडते. त्याचे भोक काही गाड्यांत मुठीवरच्या झाकणाखाली असते. बटनाने सुरू होणाऱ्या गाडीत चावी त्या बटनालाच टेकवून धरली, किंवा कंपनीने नेमलेल्या जागी ठेवली, तर वर उल्लेखिलेली बिनसेलची चीप गाडीला ओळख पटवते आणि इंजिन सुरू होते. मात्र ही जागा कोणती, हे पुस्तकात आधीच पाहून ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. त्याचप्रमाणे वर्षातून दोनदा धातूची चावी दाराच्या कुलपात मुद्दाम फिरवावी. न वापरलेले कुलूप आपल्या हवेत गंजून बसते. कपाटातल्या दुसऱ्या चावीचा सेलही वर्षानुवर्षे पडून निकामी होतो, तोही तपासावा. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, हे अनेकांना दावा नाकारला जाण्याच्या वेळीच कळते.

आता अधिक गंभीर बाबीकडे येऊ. नाण्याएवढा हा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर तेथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका आतून भाजून निघू शकते. २० मिलिमीटरचे लिथियम सेल यात सर्वांत घातक समजले जातात. चावीला पुरेनासा झालेला 'मेलेला' सेलही अशी इजा करण्याइतकी शक्ती राखून असतो. म्हणजे जो आपण निरुपयोगी म्हणून खिडकीच्या कठड्यावर टाकतो, तोच धोक्याचा. मुलाला सांगता येत नाही. लाळ गळणे, खोकला, खाणे नाकारणे ही लक्षणे साध्या आजारासारखी दिसतात आणि घरचे लोक काढा करीत बसतात.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता, जेथे एक्स-रे आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आहे अशा रुग्णालयात मुलाला न्यावे. काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचायलाच त्या दोन तासांतला मोठा भाग जातो, हे ध्यानात घेऊन १०८ ला ताबडतोब हाक द्यावी. ओकारी काढू नये, काही खाऊ-पिऊ घालू नये. याला अपवाद एकच. मूल एक वर्षाहून मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि घटनेला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा, असे अमेरिकेतील नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटरचे मार्गदर्शन आहे. मधाने क्षाराचा दाह काहीसा मंदावतो. मात्र तो उपचार नव्हे, आणि मध शोधण्यासाठी एक क्षणही थांबू नये.

ऑस्ट्रेलियाने २०२२ साली अशा सेलांच्या सुरक्षिततेचे सक्तीचे नियम अमलात आणले, आणि त्याच वर्षी अमेरिकेनेही त्याविषयी कायदा केला. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लहान सेलांचाही समावेश केला असून वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवण्याची जबाबदारी ग्राहकावरही टाकली आहे. घरगुती पातळीवर याचा अर्थ सोपा आहे: जुना सेल काढताच त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी, घट्ट झाकणाच्या बरणीत उंच जागी ठेवावा आणि घातक कचरा वेगळा घेतला जाईल त्या दिवशी द्यावा. तो चुलीत किंवा पालापाचोळ्याच्या आगीत टाकू नये. ओल्या कचऱ्यात तर मुळीच नाही.

नागरिकांनी आपले कर्तव्य करावे, हे झालेच. पण इतरांकडूनही आमच्या काही अपेक्षा आहेत. गाडी ताब्यात देताना पेढे आणि छायाचित्रे यांवर अर्धा तास घालवणाऱ्या शोरूमवाल्यांनी त्यातली पाच मिनिटे चावी कशी उघडावी, सेल कोणता आणि तो संपल्यास गाडी कशी सुरू करावी, हे करून दाखवण्यासाठी द्यावीत. आणि ही माहिती मराठी-कोकणीतून एका पानावर छापून द्यावी. सेल विकणाऱ्या दुकानदारांनी सुटे सेल बरणीतून काढून हातावर ठेवण्याची पद्धत सोडावी. पंचायतींनी आणि नगरपालिकांनी जुन्या सेलांसाठी एक बंद पेटी कार्यालयाच्या दारात ठेवावी. अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात मातांना लसीकरणाची माहिती देतात, तेव्हा या सेलच्या धोक्याविषयीही दोन वाक्ये सांगितली जावीत. यांपैकी कोणत्याही गोष्टीला अंदाजपत्रकात फार मोठी तरतूद लागत नाही.

आपल्या घरात पूर्वी विळी, पाटा, समई यांची निगा घरचीच माणसे राखत. ते काम बाहेरच्या कारागिरावर सोपवण्याची कल्पनाही कोणाला शिवत नसे. आजची उपकरणे अधिक गुंतागुंतीची झाली म्हणून ती निगाही आपल्या हातातून गेली, असे मानण्याचे कारण नाही. मिरगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा, असा वर्षातून दोनदा अर्धा तास काढला तर एक चावी अनेक वर्षे टिकेल. पूजेला ती आधी स्वच्छ करून, हवे तर छोट्या डबीत ठेवून मांडावी. देव रागावणार नाही. आणि जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून बरणीत गेला आहे, एवढे पाहूनच मग मेज आवरावे.